एका शब्दावरून अडलेलं गाणं : माल्टा, युरोव्हिजन २०२५ आणि 'कांट'

चिंचबोर

दरवर्षी मे महिन्यात एका शनिवारी मी रात्री साडेबाराला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते, पहाटे चार-साडेचारला मिटवते आणि रविवारी दुपारी आमटीभातावर पेंगते. घरच्यांना आता सवय झालीये. नवरा फक्त विचारतो, "आज तुझं ते युरोपचं गॅदरिंग आहे का?" युरोव्हिजनला गॅदरिंग हाच शब्द बरोबर आहे खरं तर. पस्तीस-चाळीस देश, प्रत्येकी एक गाणं, तीन मिनिटांच्या वर एक सेकंद नाही, मग शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेले बारा गुण आणि त्यावरून वर्षभर रुसवेफुगवे.

यंदा, म्हणजे २०२५ ला, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला होतं, १७ मेला फायनल. ऑस्ट्रियाचा जेजे ४३६ गुणांनी जिंकला, त्याच्याबद्दल सगळीकडे लिहून आलंय. मला बोलायचंय सतराव्या नंबरच्या गाण्याबद्दल. माल्टा! ३१६ चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे आपल्या मुंबईच्या जेमतेम निम्मा, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. फेब्रुवारीत त्यांच्या घरच्या स्पर्धेत मिरियाना कॉन्ते जिंकली, गाण्याचं नाव 'कांट'. माल्टीज भाषेत कांट म्हणजे गायन. बाकी गाणं इंग्रजीत, हा एकच शब्द माल्टीज, आणि ध्रुवपदात त्याच्या आधी इंग्रजी 'सर्व्हिंग'. आता हे दोन शब्द जोडून इंग्रजी कानाने ऐका. ऐकलंत? हां, तीच. इंग्रजीतली ती चार अक्षरी शिवी.

मार्चमध्ये माल्टाच्या बातम्यांत आलं की बीबीसीने तक्रार केली, आणि स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने माल्टाला सांगितलं, शब्द काढा. गाणी जमा करायची तारीख अगदी तोंडावर. शब्द काढला, गाण्याचं नाव नुसतं 'सर्व्हिंग' झालं. म्हणजे वाढणी आहे, ताटात काय ते विचारू नका.

मला हे फार लागलं. कोणाला का लागू नये तेही सांगा, मी ऐकून घेईन (बहुतेक).

मस्कावडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

शंकेखोर

चिंचबोरताई, लेखन छान पण एवढा भोळा आव कशाला? बिचारी मुलगी, बिचारी मातृभाषा, आणि तो दुष्ट साहेब. न्यूयॉर्कच्या ड्रॅग आणि बॉलरूमवाल्या, म्हणजे नटूनथटून वेशांतर करून स्पर्धेत उतरणाऱ्या लोकांच्या बोलीत 'सर्व्हिंग' आणि पुढे तो शब्द हा वाक्प्रचार वर्षानुवर्षं आहे, अर्थ साधारण 'काय ठसक्यात आलीये बघा'. गाणं लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं कोणी शपथेवर सांगेल का? मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं म्हणून बाकीच्यांनी पण डोळे मिटायचे होय?

चिंचबोर

@शंकेखोर, अहो मुद्दाम केलंय हे मला मान्यच आहे! श्लेष मुद्दामच करतात, अपघाताने होतो त्याला घोळ म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. श्लेषाला दोन पाय लागतात ना, त्यातला एक पाय खराखुरा माल्टीज होता. शब्दकोशातला, सभ्य, देवळात चालणारा. तो कापताना 'तुमच्या भाषेत काय अर्थ आहे त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, आमच्या कानाला काय ऐकू येतं ते बघा' असं झालं की नाही?

ओटीवरचा

आमच्या पिढीला यात नवीन काही नाही. निष्पाप चेहऱ्याने शब्द फेकायचा आणि हसणाऱ्याकडेच 'काय हो, असं कसं तुमच्या मनात आलं' म्हणून बघायचं, यावर दादा कोंडक्यांनी अख्खा महाराष्ट्र हसवला आणि सेन्सॉर बोर्डाशी त्यांची खडाजंगी सगळ्यांना ठाऊक आहे. फरक एवढाच की दादांचे दोन्ही अर्थ मराठीच होते. घरचं भांडण घरात. इथे पहिला अर्थ एका भाषेत, दुसरा दुसऱ्या भाषेत आणि न्यायाधीश दुसऱ्या भाषेचा, म्हणजे गंमतच.

हापूसप्रेमी

अवांतराबद्दल सॉरी पण या स्पर्धेत असतं ते ऑस्ट्रेलिया युरोपात कधी गेलं? दरवर्षी विचारीन म्हणतो आणि राहून जातं.

चिंचबोर

@हापूसप्रेमी, २०१५ ला साठाव्या वर्षाच्या निमित्ताने पाहुणे म्हणून बोलावलं, पाहुण्यांनी बॅग उघडली आणि राहिले ते राहिलेच. मतं पण आता आपल्याकडून देता येतात बरं का, २०२३ पासून. स्पर्धेत नसलेल्या सगळ्या देशांची ऑनलाइन मतं एकत्र करून एका देशाएवढी धरतात. मी पुण्यात बसून कार्डाने पैसे भरून माल्टाला मतं दिली. किती ते इथे लिहीत नाही, नवरा हे संस्थळ वाचतो.

माल्ट्याचा_पाहुणा

रोज वाचतो, क्वचित लिहितो, आज राहवेना. मी मूळचा सातारकडचा, चार वर्षं झाली माल्टात आहे, एका हॉटेलच्या किचनमध्ये. त्यामुळे हे सगळं नाटक भाजी चिरता चिरता ऐकलंय.

आधी भाषेचं सांगतो कारण त्याशिवाय लोक का चिडले ते कळणार नाही. माल्टीज ही मुळात अरबी घराण्यातली भाषा, सिसिलीत अरब होते तेव्हाच्या अरबीची लेक म्हणा, पण लिहितात रोमन लिपीत आणि शेकड्याने शब्द इटालियन आणि सिसिलियनमधून घेतलेत. 'कांट' त्यातलाच, इटालियन कांतोचा भाऊ. मी आलो तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं आणि हळूहळू लक्षात आलं की अरे, हे तर आपल्या ओळखीचे चेहरे दिसतायत. पुस्तकाला म्हणतात क्तिएब, आपला किताब. जगाला दिन्या, म्हणजे दुनिया. वर्षाला सेना, आपण 'सन १९७१' लिहितो तो सन. खोलीला काम्रा, आपल्या हिंदीतला कमरा, तो वेगळ्या वाटेने आला असेल पण आला. पावाला होप्स, म्हणजे अरबीतला खुब्झ, हा आखातात राहिलेल्यांना लगेच कळेल. आमच्या किचनमधला म्हातारा कूक गोझो बेटाचा आहे, त्याला मी किताब-क्तिएब ऐकवलं तर तो दिवसभर प्रत्येक वस्तू उचलून 'हे तुमच्यात काय?' विचारत होता. कांदा उचलला, झारा उचलला, शेवटी माझी टोपी उचलली.

तर अशी ही भाषा, बोलणारे साताऱ्याच्या एक-दोन तालुक्यांत बसतील एवढे, २००४ पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा वगैरे सगळं आहे. पण युरोव्हिजनमध्ये तिचं नशीब बघा. माल्टा पहिल्यांदा उतरला १९७१ मध्ये, गाणं माल्टीज, शेवटचा नंबर. १९७२, परत माल्टीज, परत शेवटचा. १९७५ ला इंग्रजीत गायले आणि मग थेट १९९१ पर्यंत गायबच. परत आले ते इंग्रजी घेऊन आले. तेव्हा नियम होता की आपल्या देशाच्या अधिकृत भाषेतच गायचं, आणि इंग्रजी इथे अधिकृत, त्यामुळे ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा यांनाच काय ती इंग्रजीची मुभा. तिचा फायदाही झाला, १९९२ ला तिसरे, १९९८ ला तिसरे. २००० साली एका गाण्यात थोडंसं माल्टीज होतं. त्यानंतर पंचवीस वर्षं काहीच नाही. आणि पंचवीस वर्षांनी एक शब्द आला, एकच, तो पण काढायला लावला. आता सांगा, लोक चिडणार नाहीत तर काय.

शंकेखोर

@माल्ट्याचा_पाहुणा, सुंदर प्रतिसाद, किताब-क्तिएब साठी दंडवत. पण तुमच्याच माहितीवरून विचारतो, पंचवीस वर्षं कोणी अडवलं होतं का? १९९९ पासून तर भाषेचं बंधनच नाही, वाटेल त्या भाषेत गा. आइसलँड, एस्टोनिया, लिथुआनिया अधूनमधून आपल्या भाषेत गातातच की. माल्टाच्या लोकांनी स्वतःहून इंग्रजी निवडली, आणि माल्टीजची आठवण झाली ती नेमकी इंग्रजी शिवीशी यमक जुळलं तेव्हा! आजीची नऊवारी एरवी ट्रंकेत, फक्त फॅन्सी ड्रेसला बाहेर, तसं झालं हे.

माल्ट्याचा_पाहुणा

@शंकेखोर, हा वार बसला. आमच्या कूकचंही साधारण असंच मत आहे, फक्त त्याने ते शिव्या घालून सांगितलं. माल्टीज शिव्या फार रसरशीत असतात, त्या मात्र बीबीसीला कळत नाहीत.

तिरकीट_धा

मी गाण्याकडे गाणं म्हणून बघतो. दोन्ही व्हर्जन हेडफोन लावून ऐकली. खरं सांगायचं तर मधल्या भागात चाल सुमार आहे, क्लबमध्ये रात्री दोन वाजता चालेल अशी, पण बाईचा आवाज दणदणीत आहे आणि ध्रुवपद पकडतं. का पकडतं तर त्या एका शब्दामुळे. 'क' वर आघात, मग आ-कार, आणि शेवटी 'ट' ला दार धाडकन बंद. ढोलकीची थाप कशी मोकळी सोडून मग दाबतात तसं. तिहाई रंगत यावी आणि समेवर आल्यावर तबलजीने हात वर धरून ठेवावा असं झालंय नवीन व्हर्जनमध्ये. शब्द गेला, त्याची जागा तशीच राहिली.

पण एक गंमत. ती मोकळी जागाच नंतर गाण्याच्या कामी आली असं मला वाटतं. बाझलला कोणी प्रत्यक्ष होतं का?

बाझलकरीण

होते होते! मी बाझललाच राहते, औषध कंपन्यांमुळे इथे मराठी मंडळी बरीच आहेत, गणपतीला हॉल पुरत नाही. फायनलच्या तिकिटांचा प्रश्नच नव्हता, पेज उघडेपर्यंत संपलेली. पण दुसऱ्या सेमीफायनलची आदल्या दिवशीची रंगीत तालीम असते ना प्रेक्षकांसह, तिची दोन मिळाली. मी आणि धाकटी गेलो. १४ नंबरची ट्राम सांक्ट याकोबकडे जाते, तिच्यात पाय ठेवायला जागा नाही, माझ्या बाजूला चकाकी लावलेले दोन आजोबा, खांद्यावर माल्टाचा पांढरा-लाल झेंडा, हातात चीज सँडविच. मी म्हटलं माल्टाचे का? तर म्हणे नाही, आम्ही डच, पण यंदा माल्टाचे.

स्टेजवर काय नव्हतं ते विचारा. भलेमोठे ओठ, फिरणारा आरशांचा गोळा, आणि त्या जिममधल्या फुगीर चेंडूंवर उसळणारे नाचे. सगळं भडक, सगळं हसऱ्या चेहऱ्याने. आणि ध्रुवपद आलं, ती 'सर्व्हिंग' म्हणाली आणि थांबली. आणि अख्ख्या हॉलने तो शब्द ओरडून म्हटला. माझ्या अंगावर काटा आला. तिने म्हणायचा नव्हता, तिने म्हटला नाही, कोणी तिला बोट लावू शकत नाही. कीर्तनात बुवा अर्धा चरण सोडून देतात आणि पुढचा मंडपातून येतो, हुबेहूब तसं. (शब्दाबद्दल माफी, पण तसंच वाटलं.)

धाकटी घरी येताना म्हणाली, "आई, त्या बाईंना शब्द आठवत नव्हता का?"

मस्कावडा

कीर्तनाची उपमा! आता या धाग्यावर दोनशे प्रतिसाद पक्के.

मस्कावडा

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

शंकेखोर

ही युक्ती पण नवीन नाही. २०२२ ला लॅटव्हियाचं ते सॅलड खा म्हणणारं गाणं आठवा, पहिल्याच ओळीत एक वाह्यात शब्द होता तो गायक गिळायचा आणि पब्लिक ओरडायचं. आणि त्याही आधी २००९ चा जॉर्जिया. स्पर्धा मॉस्कोत, गाण्याच्या इंग्रजी नावात 'पुट' आणि 'इन' असे शेजारीशेजारी बसवलेले की ऐकताना पुतिन. बदला म्हटलं, त्यांनी बदललं नाही, गेलेच नाहीत. त्याला म्हणतात बाणा. माल्टाने मुकाट शब्द काढला.

ओटीवरचा

बाणा दाखवायला वर्षाआधी झालेलं युद्ध पाठीशी लागतं हो. जॉर्जियाचं २००८ चं प्रकरण होतं. इथे एका पोरीचा श्लेष. तेवढ्यासाठी घरी बसायचं? आधीची तीन वर्षं सलग फायनल गाठली नव्हती त्यांनी, २०२२, २३, २४, कोरी पाटी. यंदा दार उघडत होतं.

चिंचबोर

आणि फिनलंड विसरू नका! त्याच बाझलच्या स्टेजवर, त्याच वर्षी, एरिका विकमन 'इश कोम्मे' गायली. जर्मनमध्ये सरळ अर्थ 'मी येतेय', आणि दुसरा अर्थ गाणं ऐकणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळावा अशी व्यवस्था केलेली, शेवटी ती आग ओकणाऱ्या अवाढव्य माइकवर बसून वर जाते. ते चाललं. अकरावा नंबर. का चाललं? कारण जर्मन द्व्यर्थ जर्मन कानाला खपतो, इंग्रजीचा कान नाजूक. माझा मूळ मुद्दा हाच आहे, आणि तो तुम्ही कोणीच खोडलेला नाही.

शंकेखोर

खोडतो. 'मी येतेय' हे घरात रोज बोललं जाणारं वाक्य आहे, ते शिवी नाही. इंग्रजीतली ती शिवी त्यांच्याकडे सगळ्यात वरच्या पायरीवरची समजली जाते, आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवर कधी काय ऐकवायचं याचे नियम आहेत. ती ओळ जशीच्या तशी दाखवली असती तर उत्तर बीबीसीला द्यावं लागलं असतं, माल्टाला नाही. उद्या एखाद्या देशाने आपल्या भाषेतला सभ्य शब्द म्हणून [संपादित] म्हटलं आणि आपल्या मराठी चॅनेलवर ते घरोघरी वाजलं, तर तुम्हीच पहिल्या फोन कराल.

संपादक

वरच्या प्रतिसादातला एक शब्द काढला आहे. उदाहरण समजलं, शब्दाची गरज नव्हती.

मस्कावडा

म्हणजे आता या धाग्याचंही 'सर्व्हिंग' झालं 😂😂

तिरकीट_धा

संपादकांनी काढलेला शब्द मी मनात ओरडलो. अख्ख्या हॉलने ओरडला असेल.

बाझलकरीण

@चिंचबोर, मतांचं पण लिही ना. इथे ऑफिसात त्यावरून केवढी चर्चा.

चिंचबोर

हो, ते राहिलं. माल्टाला ९१ गुण, त्यातले ८३ परीक्षकांचे आणि जनतेचे फक्त ८. आठ! मला वाटलं होतं उलट होईल, परीक्षक नाकं मुरडतील आणि पब्लिक डोक्यावर घेईल. २०२५ च्या सेमीफायनलला तर लोकांच्याच मतांवर निवड झाली, तिथून ती पुढे आली. पण फायनलला २६ गाणी, लोक आपल्या आवडीच्या पहिल्या एक-दोन गाण्यांनाच मत देतात, सगळ्यांचं सहावं-सातवं आवडतं गाणं असलं की हातात शून्य. परदेशात जाऊन राहिलेले माल्टीज लोकही मोजकेच, आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. साडेपाच लाखांच्या देशाला पाठीराखे आणायचे कुठून?

आणि हो, ब्रिटनच्या गाण्याला यंदा जनतेची मतं शून्य. गेल्या वर्षीही शून्य. मी काही म्हणत नाही.

शंकेखोर

म्हणालात की! यजमान स्वित्झर्लंडलाही जनतेचं शून्यच मिळालं, परीक्षकांचे २१४ असून. त्यांनी कोणाचा शब्द कापला होता?

बाझलकरीण

@शंकेखोर, त्या जखमेवर मीठ नको, त्या रात्री पलीकडच्या सांक्ट याकोब स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर बघत होतो आम्ही, आमच्या गायिकेचं, झोई मे चं, ते शून्य जाहीर झालं तेव्हा हजारो माणसांचा एकदम 'ओऽऽऽ' झाला, भारत-ऑस्ट्रेलिया फायनलला आमच्या चाळीत झाला होता तसा.

माल्ट्याचा_पाहुणा

इथे तर हे सगळं क्रिकेटसारखंच आहे. माल्टा आजवर एकदाही जिंकलेला नाही, २००२ ला दुसरा, २००५ ला दुसरा. पण सगळ्यात मोठं दुःख १९९८ चं. कियारा नावाची मुलगी, स्टेजवर एकटी, कसला डामडौल नाही. शेवटच्या देशाची मतं यायची बाकी आणि माल्टा जिंकायच्या शर्यतीत. शेवटचा देश मॅसेडोनिया. एक-एक करत मतं वाचली आणि माल्टाला काहीच नाही. इस्राएल १७२, ब्रिटन १६६, माल्टा १६५. आमचा गोझोचा कूक तेव्हा तरुण होता, त्याच्या गावात चौकात टीव्ही लावला होता. तो म्हणतो, मतं संपल्यावर कोणी बोललंच नाही, खुर्च्या उचलायचा तेवढा आवाज. आजही किचनमध्ये कुठलं सलाड त्याच्या मनासारखं झालं नाही की म्हणतो, "मॅसेडोनियाला पाठवा हे."

मला त्याचं तेव्हा पटलं नव्हतं, एका गाण्यासाठी सत्तावीस वर्षं काय धरून बसायचं. मग यंदा सेमीफायनलच्या रात्री शिफ्ट संपल्यावर सगळे थांबले, भांडी घासणारा नेपाळी पोरगा, दोन केरळच्या वेट्रेस, मी, तो. काउंटरला फोन टेकवून बघत होतो. दहा नावं जाहीर करतात, मनात मोजायची. माल्टाचं आलं तेव्हा म्हाताऱ्याने हातातला टॉवेल छताला मारला, तो दिव्यात अडकला तो अजून तिथेच आहे, शिडी आणायला कोणाला वेळ नाही.

आणि एक. स्लीमात माझ्या घराजवळ चर्च आहे, तिथे दारात पॅरिशचा बोर्ड असतो, प्रार्थनेच्या वेळा वगैरे. मी गेली चार वर्षं रोज त्याच्यावरून जातो. मार्चनंतर एकदा नीट वाचला तर खाली लिहिलेलं, अमुक वारी संध्याकाळी साडेसहा, कांट. समूहगायनाची तालीम. बाजूला दोन इंग्रज टुरिस्ट बायका फोटो काढत होत्या, हसून हसून लाल. आतून म्हाताऱ्या बायकांचा आवाज येत होता, तार सप्तकात, थोडा बेसूरच.

ओटीवरचा

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

चिंचबोर

+१. आता मला शंकेखोरांशी भांडायचा उत्साहच राहिला नाही.

शंकेखोर

मलाही. पण मुद्दा सोडलेला नाही, नोंद असावी.

हापूसप्रेमी

मंडळी, तुमच्यामुळे एक लफडं झालंय. काल धागा वाचून मी घरात स्पीकरवर ते मूळ व्हर्जन लावलं, चिरंजीव वय वर्षं सात बाजूला लेगो खेळत होते. आज सकाळपासून पठ्ठ्या घरभर तेच गात फिरतोय, अंघोळ करताना, बूट घालताना, ध्रुवपद एकदम सुरात. शाळा इंग्रजी माध्यमाची, रिक्षा खाली उभी. काय करू?

चिंचबोर

शाळेत कोणी विचारलं तर सांगायचं, माल्टीज आहे, अर्थ गायन. खोटं थोडंच आहे.

हापूसप्रेमी

सांगितलं असतं हो. पण त्याच्या क्लासटीचर सात वर्षं लंडनला राहून आल्यात.